हॉलमध्ये फरशी उखडलेली, मांडीवर लॅपटॉप: घरून काम करणाऱ्याला टेबल-खुर्ची कुणी द्यायची?

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळचा एक दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. हॉलमधली जुनी फरशी उखडली आहे. सोफा, टीव्ही, देव्हारा सगळं एका खोलीत कोंबून त्यावर जुन्या चादरी टाकल्या आहेत. कामाचं टेबल गॅलरीत गेलं आहे. सकाळी साडेनऊला फरशी कापायचं कटर सुरू होतं आणि दहा वाजता पुण्याच्या कंपनीची मीटिंग असते. पलंगाच्या कडेला बसायचं, लॅपटॉप उशीवर ठेवायचा, बोलायची वेळ आली की मिस्त्रींना हात जोडून पाच मिनिटं थांबायला सांगायचं आणि पुन्हा म्यूट करायचं. मिस्त्रींनी तीन आठवडे सांगितले होते. ते किती लांबतील, हे घराचं काम काढलेल्या कुणालाही सांगायला नको.

वरवर पाहता ही घरगुती अडचण आहे. घर आपलं, काम आपण काढलं, मग त्रासही आपणच सोसायचा. पण घरातली खुर्ची, टेबल, वीज, इंटरनेट आणि शांतता या सगळ्यावर कंपनीचं काम चालत असेल, तर त्या गोष्टी नसल्या की जबाबदारी कुणाची? कायदा याबद्दल काय म्हणतो? आणि नाशिकसारख्या शहरात हा प्रश्न जास्त का टोचतो?

नाशिकमध्येच जास्त का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुणे, मुंबई आणि बंगळुरूत नोकरी करणारे अनेक नाशिककर लॅपटॉप घेऊन घरी परतले. त्या काळातली ही तात्पुरती सोय पुढे नियमांतही आली. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि बीपीओ कंपन्यांसाठीचे नियम सोपे केले आणि कर्मचाऱ्यांनी घरून काम करण्याची वाट मोकळी केली.

पुढे वारं उलटं वाहू लागलं. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं. इतर अनेक कंपन्यांनी महिन्यातले किंवा आठवड्यातले ठरावीक दिवस सक्तीचे केले. तरी पूर्णपणे किंवा बहुतांश घरून काम करणारा एक वर्ग आजही नाशिकमध्ये आहे.

त्याची अडचण अंतराची आहे. पुण्यात राहणाऱ्याच्या घरी फरशीचं काम निघालं, तर तो तीन आठवडे रोज ऑफिसला जाऊ शकतो. नाशिकहून पुणे दोनशे किलोमीटरच्या पुढे आणि मुंबई दीडशेच्या पुढे. नाशिकची ओळख सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांची. अंबडला औद्योगिक विकास महामंडळाने आयटी पार्कची इमारत उभारली, पण तिला वर्षानुवर्षं अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. शहरात काही आयटी आणि बीपीओ कंपन्या आहेत, पण ज्याचा पगार पुण्याच्या कंपनीतून होतो, त्याला त्यांचा उपयोग नाही. घर बंद पडलं की त्याचं ऑफिसच बंद पडतं.

दुसरं कारण घरांच्या रचनेत आहे. सातपूर-अंबडच्या कामगारांची गरज डोळ्यांसमोर ठेवून सिडकोने नवीन नाशिक वसवलं. तिथली मूळ घरं लहान आणि भिंतीला भिंत लागून. कुटुंब वाढलं तशी माणसं खोल्या वाढवत गेली, मजले चढवत गेली. अशा वस्तीत स्वतःच्या घरी काम नसलं, तरी शेजारच्या घरातली तोडफोड आपल्याच घरात चालल्यासारखी ऐकू येते. तिथे 'थोडे दिवस बंद ठेवा' म्हणायची सोयही नसते.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात उत्तर असं: ऑफिसमधल्या खुर्चीबद्दल कायदा बोलतो, घरातल्या खुर्चीबद्दल जवळजवळ गप्प आहे.

महाराष्ट्रातल्या खासगी ऑफिसांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. स्वच्छता, उजेड, खेळती हवा आणि आगीपासून संरक्षण ही मालकाची जबाबदारी असल्याचं त्यात म्हटलं आहे. पण हा सगळा विचार आस्थापनेच्या जागेचा आहे. कर्मचाऱ्याच्या बेडरूममधल्या उजेडाची जबाबदारी कुणाची, हे तो सांगत नाही. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यातली कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. म्हणजे चर्चा झाली ती खुर्चीत किती तास बसायचं याची. खुर्ची कुठली, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

केंद्राच्या चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचं कर्तव्य मालकावर टाकलं आहे. मात्र घरून काम करणाऱ्या आयटी कर्मचाऱ्याचं टेबल ही 'कामाची जागा' धरायची का, याचा थेट खुलासा त्यात नाही. सेवा क्षेत्रासाठी केंद्राने २०२० च्या अखेरीस आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला होता. त्यात 'घरून काम' हे शब्द आले खरे, पण मालक ठरावीक काळासाठी घरून कामाची परवानगी देऊ शकतो, इतकंच त्यात होतं. साधनं आणि खर्च कुणाचा, हा प्रश्न उघडाच राहिला.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीतही प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली. पण तिच्या अटी मालक आणि कर्मचारी महिला यांनी आपसात ठरवायच्या आहेत.

एक ठळक अपवाद आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या म्हणजे सेझच्या नियमांत जुलै २०२२ मध्ये '४३ अ' हा नियम घातला गेला. घरून काम करणाऱ्याला उपकरणं आणि सुरक्षित इंटरनेट जोडणी कंपनीने द्यावी, असं त्यात होतं. हिंजवडीतल्या अनेक आयटी इमारती सेझमध्ये आहेत, त्यामुळे तिथल्या कंपन्यांशी याचा थेट संबंध येतो. पण या नियमाचा रोख सेझमधला करमुक्त माल बाहेर कसा न्यायचा आणि माहिती सुरक्षित कशी ठेवायची, यावर आहे. कर्मचाऱ्याच्या पाठीचा कणा हा त्याचा विषय नाही.

कर वाचतो म्हणून लॅपटॉप, कर लागतो म्हणून खुर्ची नाही?

कंपनी लॅपटॉप देते आणि खुर्ची देत नाही, यामागे कराचं कारण सांगितलं जातं. ते तपासून पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालच्या नियमांत कंपनीने वापरायला दिलेला लॅपटॉप किंवा संगणक कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरला जात नव्हता. खुर्ची-टेबलासारखी वस्तू कंपनीच्या मालकीची ठेवून वापरायला दिली, तर तिच्या किमतीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी उत्पन्नात धरली जायची.

म्हणजे १२ हजार रुपयांच्या खुर्चीवर वर्षाला १,२०० रुपये उत्पन्न वाढणार. २० टक्के कर भरणाऱ्याला त्यावर साधारण अडीचशे रुपये कर. पाठदुखीच्या डॉक्टरांची एक फीसुद्धा यात निघणार नाही. तेव्हा अडचण कराची नाही. लॅपटॉपशिवाय काम होतच नाही, म्हणून तो मिळतो. खुर्चीशिवाय काम होतं, फक्त ते कर्मचाऱ्याच्या पाठीवर होतं.

घरून काम नाशिक जिल्ह्याला नवीन आहे का?

मुळीच नाही. सिन्नरच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या गेल्या. येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो आणि माणसं त्याच्याभोवती संसार मांडतात. या कामगारांच्या घराचा कारखाना झाला, त्याची दखल कायद्याने फार आधी घेतली. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्या कामगाराला 'कर्मचारी' मानलं. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, तरी 'घरी बसून काम करतो म्हणून तो कामगार नाही' हा युक्तिवाद कायद्याने नाकारला. हा कायदा आता नव्या सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये गृहाधारित कामासाठी १७७ क्रमांकाचा करार केला. साधनं कुणाचीही असोत, घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, हे त्याचं सूत्र. भारताने तो स्वीकारलेला नाही.

इतर देशांनी काय केलं?

स्पेनने २०२० मध्ये वटहुकूम काढला आणि २०२१ मध्ये कायदा केला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त काम घरून होत असेल, तर साधनं आणि त्यांचा खर्च कंपनीचा. मेक्सिकोत डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमात चांगल्या खुर्चीचाही उल्लेख आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कामासाठी झालेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यावा, अशी तरतूद आहे.

जर्मनीतला एक निकाल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सकाळी बेडरूममधून घरातल्याच कामाच्या खोलीकडे जाताना एक कर्मचारी जिन्यावरून घसरला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हा कामावर जातानाचा अपघात मानला आणि विम्याचं संरक्षण लागू असल्याचं सांगितलं. आपल्याकडे अपघात 'कामातून आणि कामाच्या ओघात' झाला, हे दाखवावं लागतं. उखडलेल्या फरशीवर पाय मुरगळला, तर तो मीटिंगला जाताना मुरगळला की चहा ठेवायला जाताना, हे सिद्ध करणं कर्मचाऱ्यालाच जड जाईल.

मग लोक बोलत का नाहीत?

कारण उत्तर माहीत असतं: 'अडचण असेल तर ऑफिसला या.' नाशिकमध्ये बसलेल्या माणसासाठी या वाक्याचा अर्थ पुण्यात भाड्याची खोली, आठवड्याचा प्रवास आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांची किंवा मुलांची नवी सोय असा होतो. घरून काम करायला मिळणं हीच सवलत आहे, असं एकदा मनात बसलं की खुर्ची मागणं म्हणजे जास्त तोंड उघडणं वाटू लागतं. मग कटरचा आवाज लपवला जातो, कॅमेरा बंद ठेवला जातो आणि कामाचा वेग घसरला तर त्याची नोंद मात्र वार्षिक मूल्यमापनात कर्मचाऱ्याच्या नावावर होते. कंपनीच्या कागदावर तिथे फरशी कधी उखडलेलीच नसते.

कंपनीचीही एक बाजू आहे. घराच्या दुरुस्तीचा निर्णय तिचा नसतो आणि प्रत्येकाच्या घराची जबाबदारी घेणं तिला शक्य नाही. हे मान्य केलं, तरी भाडं, वीज आणि फर्निचरचा तिचा जो खर्च वाचतो, त्यातला काही भाग कामाच्या किमान साधनांवर जावा, ही मागणी अवाजवी ठरत नाही. गूगलने मे २०२० मध्ये जगभरातल्या कर्मचाऱ्यांना घरच्या साधनांसाठी एक हजार डॉलर देण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे हे जमतं.

घराचं काम निघणार असेल तर काय करावं?

पहिलं, आधी लिहून कळवा. कामाच्या तारखा, अडचणीचे तास आणि पर्याय असा छोटा ईमेल वरिष्ठांना पाठवा. नंतर दिलेलं कारण सबब वाटतं, आधी दिलेली सूचना नियोजन ठरते. त्याच ईमेलमध्ये काही दिवस को-वर्किंग जागेचं भाडं मिळेल का, हेही विचारा. फार तर नकार मिळेल, पण विचारल्याची नोंद राहील.

दुसरं, मिस्त्रींशी वेळ ठरवा. तोडफोड आणि कापाकापी हीच आवाजाची कामं. ती ठरावीक तासांत उरकता येतात, फरशी गच्चीवर किंवा खाली कापता येते आणि पाणी मारून कापली तर धूळही कमी उडते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवता येत नाहीत. दिवसाच्या वेळांसाठी सोसायटीचे नियम पाहा.

तिसरं, तोडफोडीच्या आधीच राउटर हलवून घ्या. फायबरची तार तीव्र वाकली तरी निकामी होते. कटर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

चौथं, मानेची काळजी घ्या. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकत्र असल्याने मान नाहीतर मनगट, दोन्हींपैकी एकाला त्रास होतोच. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून पडदा डोळ्यांच्या उंचीला आणा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस जोडा. हा खर्च हजार-दीड हजारात भागतो.

हे सगळे उपाय आपण आपल्यापुरते करायचे आहेत. पण सिन्नरच्या विडी कामगाराचं घर ही कामाची जागा आहे, हे कायद्याला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं. पाथर्डी फाट्यावरचा तो फ्लॅटही कामाची जागाच आहे. फरशी बसेल, सोफा हॉलमध्ये परत येईल आणि टेबल गॅलरीतून आत येईल. त्या टेबलाचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र तेव्हाही ठरलेलं नसेल.