कार्व्हरची प्रयोगशाळा आणि आजचा हिशेब

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे टस्कीगी हे नाव मराठी घरांत परिचयाचे झाले. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवातील कृषी महाविद्यालय सोडून अलाबामात आले आणि टाकाऊ बाटल्या-डबे गोळा करून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयातच वाचले. त्या जिद्दीचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारला नाही: आयोवात उपकरणे होती, मग टस्कीगीत ती का नव्हती? अमेरिकेतील ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या संशोधनक्षमतेविषयी आज जी चर्चा चालू आहे, तिचे मूळ या प्रश्नात आहे.

१८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कृषी व अभियांत्रिकी शिक्षणासाठी केंद्राची जमीन मिळाली. आयोवातील ते महाविद्यालय याच मदतीवर वाढले. दक्षिणेकडील राज्यांनी मात्र कृष्णवर्णीयांना अशा संस्थांची दारे बंद ठेवली. १८९० च्या दुसऱ्या कायद्याने त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था चालवण्याची वाट काढली. निधीची न्याय्य वाटणी करण्याची अटही घातली. ती अट पाळली गेली नाही. आजही केंद्राच्या कृषी संशोधन निधीइतकीच रक्कम राज्याने घालावी, असा नियम आहे. पण १८९० च्या संस्थांपुरती निम्म्या रकमेपर्यंत सूट मागण्याची सोय राज्यांना आहे. १८६२ च्या संस्थांबाबत अशी सवलत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मिगेल कार्डोना आणि कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून या तफावतीचा आकडा मांडला. १९८७ ते २०२० या काळात या संस्थांना मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाला. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाची तूट सुमारे २.१ अब्ज डॉलरची होती.

तूट एका वर्षाची नसून पिढ्यांची असली की तिचा परिणाम चक्रवाढ व्याजासारखा होतो. संशोधन अनुदानाच्या अर्जात आधीची आकडेवारी, उपकरणे आणि सहायक मनुष्यबळ दाखवावे लागते. हे ज्याच्याकडे आहे त्यालाच अनुदान मिळते, आणि अनुदान मिळते म्हणून हे सारे त्याच्याकडे जमते. ज्या प्राध्यापकाच्या वाट्याला एका सत्रात चार-चार विषयांचे अध्यापन आहे आणि ज्याच्या विद्यापीठात अर्ज तयार करून देणारे सक्षम कार्यालय नाही, त्याने स्पर्धेत उतरायचे कसे? विद्यापीठांना जाणाऱ्या केंद्रीय संशोधन निधीपैकी या सुमारे शंभर संस्थांच्या पदरी एक टक्काही पडत नाही, यात आश्चर्य नाही.

‘गुणवान विद्यार्थ्यांनी मोठ्या विद्यापीठांत जावे, समांतर व्यवस्था कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. देशातील महाविद्यालयांत या संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे. परंतु विज्ञान-अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवणाऱ्या कृष्णवर्णीयांमध्ये पहिली पदवी येथून घेतलेल्यांचे प्रमाण त्याच्या कितीतरी पट अधिक आहे. शिवाय साधने मिळाली तेव्हा काय घडते, याचा दाखला टस्कीगीतच आहे. १९५० च्या दशकात पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठानने तेथे पेशी-संवर्धनाची सुसज्ज प्रयोगशाळा उभारण्यास पैसा दिला. साल्क लशीच्या परिणामकारकतेच्या तपासणीसाठी लागणाऱ्या ‘हेला’ पेशी तेथून मोठ्या प्रमाणावर देशभर रवाना झाल्या. ती किमया टाकाऊ बाटल्यांची नव्हती. नियोजित गुंतवणुकीची होती.

अलीकडचा दाखला हॉवर्ड विद्यापीठाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला कार्नेगी वर्गीकरणातील ‘आर-१’ हा सर्वोच्च संशोधन दर्जा मिळाला. त्या यादीतील १८७ संस्थांत ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ एवढे एकच. वर्षाला ५ कोटी डॉलर संशोधन खर्च आणि ७० संशोधन डॉक्टरेट हा किमान निकष. हॉवर्डचा खर्च साडेआठ कोटींच्या घरात होता. त्यामागे जुने वैद्यकीय महाविद्यालय आहे, अनेक विषयांतील पीएच.डी. कार्यक्रम आहेत आणि हवाई दलाने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी दिलेला ९ कोटी डॉलरचा संशोधन करार आहे. मॉर्गन स्टेट आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी याच दिशेने निघाली आहेत.

मात्र पैसा येणे वेगळे आणि क्षमता उभी राहणे वेगळे. टेनेसी विधिमंडळाने २०२२ मध्ये टेनेसी स्टेटला इमारतींसाठी २५ कोटी डॉलर एकरकमी दिले. दोन वर्षांत विद्यापीठ आर्थिक संकटात सापडले आणि २०२५ मध्ये त्यातील ९.६ कोटी डॉलर दैनंदिन खर्चाकडे वळवण्याची तडजोड करावी लागली. व्यवस्थापनाच्या चुका झाल्या असतीलही. परंतु नियमित पाया कच्चा असला की एकरकमी मदत गळती थांबवण्यातच संपते. मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२५ मध्ये हॉवर्डला ८ कोटी व मॉर्गन स्टेटला ६.३ कोटी डॉलर दिले. ट्रम्प प्रशासनानेही त्याच वर्षी या संस्थांना वाढीव निधी जाहीर केला, तोही एकदाच. दुसरीकडे त्याच वर्षी अनेक संशोधन अनुदाने रद्द झाली. प्रयोगशाळेची वीज, देखभाल, लेखापाल यांचा भार उचलणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याचा प्रयत्नही झाला. न्यायालयांनी तो रोखला. मोठी गंगाजळी असलेले विद्यापीठ असा धक्का सोसू शकते. ती नसलेल्याला प्रयोगशाळाच बंद ठेवावी लागते.

आपल्यापैकी काही जण अमेरिकी विद्यापीठांत शिकवतात, अनुदान समित्यांवर बसतात, कंपन्यांच्या संशोधन भागीदाऱ्या ठरवतात. पुढील देणगीच्या बातमीबरोबर त्यांनी आणखी तीन गोष्टी तपासाव्यात: राज्याच्या अर्थसंकल्पात समान हिश्श्याची पूर्ण तरतूद आहे का, प्राध्यापकांचे अध्यापनतास घटले का, आणि भागीदारीतील पैशाचा किती भाग त्या विद्यापीठाच्याच आवारात खर्च होतो. कार्व्हर थोर होते, पण प्रत्येक संशोधकाने कार्व्हर व्हावे यावर कोणत्याही देशाला आपले धोरण उभारता येणार नाही.