भोवत्याला दहा लाखांची लेन्स लागत नाही

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींत दोन पंथ आहेत, आणि मला दोन्ही मान्य नाहीत. पहिला पंथ म्हणतो, "कॅमेऱ्यात काय आहे, नजर पाहिजे!" हे सुभाषित बहुतेक वेळा ज्यांच्या खांद्यावर दहा लाखांचं धूड लटकत असतं त्यांच्याच तोंडून ऐकू येतं, हा भाग वेगळा. दुसरा पंथ म्हणतो, "उडता पक्षी टिपायचा तर सगळ्यात वरची बॉडी आणि ६०० एफ-४ लेन्स. नसेल परवडत तर नाद सोडा." पहिला पंथ नवशिक्याला फसवतो, दुसरा त्याला घाबरवतो. शेवटी होतं ते एकच. पगारावर घर चालवणारा माणूस एक तर भलताच कॅमेरा घेतो, नाही तर घेतच नाही. आणि ज्या पक्ष्याची नोंद व्हायला हवी होती तो पक्षी येऊन निघून जातो.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहेत ती बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातली माळरानं. माझी सासुरवाडी भालकीकडची, त्यामुळे हिवाळ्यात तिकडे फेरी ठरलेली. गोमंतकीय वाचकाला हा मुलूख परका वाटेल, पण तो तितका परका नाही. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास गोवा जिंकला आणि त्याच सुमारास बीदरला त्याचा तो प्रसिद्ध मदरसा उभा राहिला. त्याच्याही आधी गोव्याचे कदंब ज्यांचे मांडलिक होते, त्या चालुक्यांची राजधानी कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण. बीदरचं पठारही आपल्यासारखंच जांभ्याचं. किल्ल्याची लाल भिंत पाहिली की आपल्या चिऱ्यांच्या खाणीच आठवतात. तिथून खाली आळंद, कलबुर्गीकडे उतरलं की काळी माती आणि तुरीची शेतं लागतात. १९५६ साली निजामाच्या जुन्या राज्याची वाटणी झाली, बीदर आणि तेव्हाचं गुलबर्गा कन्नड राज्यात गेलं, मराठी घरं मात्र आहेत तिथेच राहिली. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागात आजही घरात मराठी आणि कचेरीत कन्नड असा व्यवहार चालतो. वादाचं ते प्रकरण आज बाजूला ठेवू, कारण आजचा पाहुणा महाजन अहवाल वाचून येत नाही.

पाहुण्याचं नाव भोवत्या. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा, लांब शेपटीचा शिकारी पक्षी. मध्य आशियातल्या, कझाकस्तानसारख्या देशांतल्या गवताळ प्रदेशांतून दर हिवाळ्यात हा दख्खनवर उतरतो आणि मार्च-एप्रिलकडे परत जातो. दिवसभर गवताचे शेंडे विंचरत फिरतो. नाकतोडे, सरडे, उंदीर, लहान पाखरं खातो. संध्याकाळी झाडावर नाही, तर उघड्या माळावर, जमिनीवरच गवतात झोपतो, आणि तेही अनेकदा घोळक्याने. सासऱ्यांच्या शेजारच्या एका म्हाताऱ्याला मी याच्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "दरसाल येतेत की पाखरं, त्याच्यात काय नवल!" नवल नाहीच. पण दरसाल येणाऱ्याची कोणी तरी नोंद ठेवायला हवी ना?

आता खरी गोम इथे आहे. माळावर फिरणारे भोवत्ये मुख्यतः दोन जातींचे, पांढुरका भोवत्या आणि मॉन्टेग्यूचा भोवत्या. नर ओळखायला सोपे. मॉन्टेग्यूच्या नराच्या राखी पंखावर काळी आडवी रेघ असते; पांढुरक्याला ती नसते, त्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर असते. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्हीकडची तपकिरी, दोन्हीकडे शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. फरक कळतो तो पंखाखालच्या पट्ट्यांवरून, मानेभोवतीच्या फिकट कॉलरवरून आणि पंखाच्या टोकाच्या आकारावरून. म्हणजे पक्षी उडत असताना, पंख उघडलेला असताना, पिसं मोजता येतील इतका स्वच्छ फोटो हवा. पांढुरका भोवत्या जागतिक यादीत 'संकटसमीप' म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा "दोन्ही एकच हो" म्हणून सोडून देता येत नाही.

माझी वीस वर्षं सरकारी फायलींत गेली. त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो: जे कागदावर नाही ते नाही. आणि माळ कागदावर काय असतो? पडीक. कर्नाटकात गोमाळ, आपल्या मराठी मुलखात गायरान, आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात तर कितीतरी झुडपी माळ थेट पडीकच. उद्या त्यावर सौरऊर्जेचा प्रकल्प आला, कारखाना आला किंवा कोणी पुण्यकर्म म्हणून निलगिरी लावली, तर हरकत घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात, पुरावा काय? तिथे सूर्यास्ताच्या सोनेरी प्रकाशातला कलात्मक फोटो चालत नाही. तारीख, जागा आणि जात सांगणारा फोटो चालतो. म्हणून माझं म्हणणं असं की, कॅमेरा निवडताना स्पर्धेतलं बक्षीस डोळ्यांपुढे ठेवू नका, हा कागद डोळ्यांपुढे ठेवा. मग निवड फार सोपी होते.

पहिली कसोटी फोकसची. भोवत्या आभाळात उंच उडत असता तर कुठलाही कॅमेरा चालला असता. पण तो गवताला घासून उडतो, आणि जुन्या कॅमेऱ्याचा फोकस पक्षी सोडून गवताच्या तुऱ्याला जाऊन चिकटतो. इथे मिररलेसचं कौतुक करावंच लागेल. आरसा गेला, सेन्सर स्वतःच फोकस करू लागला आणि चौकटीत पक्षी कुठे आहे हे कॅमेरा स्वतः ओळखू लागला. २०२० साली कॅननच्या आर ५ आणि आर ६ मध्ये ही सोय महाग होती. २०२४ च्या शेवटी आलेल्या निकॉनच्या झेड ५० दोन या छोट्या बॉडीतही पक्षी ओळखण्याची सोय आहे. त्याच यादीत विमान ओळखण्याचीही आहे. बीदरला हवाई दलाचा तळ आहे. तेव्हा ती सोय तिथे कृपा करून वापरू नका. तळाच्या आसपास लांब लेन्स रोखून बसलेल्या माणसाला "मी पक्षी बघतोय" हे पटवून देणं कठीण जातं, आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून रद्द झालेला नाही.

दुसरी कसोटी कोणी सांगत नाही. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरची सध्या फार चलती आहे, सेकंदाला तीस फोटो, चाळीस फोटो! पण बहुतेक स्वस्त सेन्सर चित्र एका दमात वाचत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतात. कॅननच्या आर ७ ला यासाठी सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. तेवढ्यात पंख हललेला असतो आणि चित्रात तो वाकडा उमटतो. ज्या पंखाच्या आकारावरून जात ठरवायची तोच वाकडा! म्हणजे साक्षीदारच खोटं बोलायला लागला. निकॉन झेड ८ किंवा झेड ९ चा थरांचा सेन्सर हेच काम सुमारे चार मिलीसेकंदांत उरकतो. ओएम-१, फुजीचा एक्स-एच २ एस यांचे सेन्सरही असेच थरांचे. सोनीच्या ए ९ तीनमध्ये तर सगळ्या ओळी एकदमच वाचल्या जातात. पण म्हणून लगेच तीन-चार लाख काढायची गरज नाही. स्वस्त बॉडीतलं यांत्रिक शटर वापरा. आर ७ यांत्रिक शटरवरही सेकंदाला पंधरा फोटो देतो, झेड ५० दोन अकरा देतो. भोवत्यासाठी ते पुरून उरतात. टकटक आवाज होईल, होऊ दे. शंभर मीटरवरच्या भोवत्याला त्याचं काही पडलेलं नसतं.

तिसरी कसोटी लेन्सची, आणि इथे दुसऱ्या पंथाशी माझं उघड भांडण आहे. ६०० एफ-४ ही जंगलाची लेन्स. बोंडल्यात, मोल्याच्या रानात, भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारख्या उजेडात बसलेला धनेश टिपायचा तर एफ-४ चं मोल कळतं. दख्खनच्या माळावर हिवाळ्यातलं ऊन काय असतं ते हिशेबानेच पाहा. लख्ख उन्हात आयएसओ ४०० ठेवला तर एफ-६.३ ला शटर सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागापर्यंत जातं. अगदी एफ-९ ला उतरणारी लेन्स असली तरी आयएसओ ८०० ला तोच वेग मिळतो. उडत्या भोवत्याला दोन हजारावा भाग बस झाला. मग ते दहा लाख कशासाठी? पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ दिसावी म्हणून. गवत लोण्यासारखं दिसलं तर माळ कुठे राहिला? संध्याकाळी झोपायला उतरताना उजेड कमी पडतो हे कबूल. पण तेव्हा आयएसओ वाढवा, फोटो दाणेदार होईल, पंखाखालचे पट्टे तरी दिसतील.

वजनाचं तर बोलायलाच नको. ६०० एफ-४ तीन किलोच्या पुढे. ती तिपाईवर लावून, फिरत्या डोक्यावर तोलून वापरायची. भोवत्या मात्र उजवीकडून येतो, बांधामागे दिसेनासा होतो आणि पाठीमागून निघतो. लेन्स हातात पेलली पाहिजे. निकॉनची १८०-६०० किंवा सोनीची २००-६०० दोन किलोंच्या जरा पुढे आहेत. चाळिशीतल्या खांद्याला तासभर झेपतात. कॅननची १००-५०० दीड किलोच्याही आत. त्याच कंपनीची १००-४०० एफ-८ वाली तर ६३५ ग्रॅम, शेंगदाण्याच्या पिशवीएवढी. लहान सेन्सरवर ६०० ची लेन्स ९०० सारखी दिसते, म्हणजे ज्या लहान सेन्सरला मंडळी नाकं मुरडतात तोच इथे आपल्या उपयोगाचा.

म्हणून माझा सल्ला: पैशाचा मोठा वाटा लेन्सला, लहान वाटा बॉडीला. बॉडी दर तीन वर्षांनी जुनी होते, लेन्स पंधरा वर्षं चालते. झेड ५० दोन आणि १८०-६०० ही जोडी, किंवा आर ७ आणि १००-५००. तेही जड वाटलं तर वापरलेला निकॉन डी ५०० आणि २००-५०० घ्या. आरसेवाला आहे, गवतात फोकस सांभाळावा लागतो, पण सेकंदाला दहा फोटो देतो आणि याच जोडीवर आपल्याकडे कित्येकांनी उडते पक्षी टिपले आहेत. दुरुस्तीचं केंद्र कुठे आहे ते मात्र घेण्याआधी विचारा. बीदरकरांना हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे, आपल्याला पणजीहून काय जवळ आहे ते आपण जाणतो. आणि दोन-अडीच लाख हीसुद्धा लहान रक्कम नाही. चवथीचा खर्च, मुलांची फी, घराचा हप्ता यांतून ती काढायची तर दोन-तीन वर्षं लागतात. म्हणूनच तर कोणी "सगळ्यात वरचं घ्या" म्हटलं की मला राग येतो.

यापुढची गोष्ट पैशाची नाही. लेन्स कितीही लांब घ्या, सकाळी दहानंतर जांभा आणि काळी माती तापली की हवा थरथरू लागते आणि शंभर मीटरवरचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. यावर जगातल्या कुठल्याही कारखान्यात औषध नाही. औषध एकच, पहाटे जा. पण काही मंडळी दुसरं औषध काढतात: माळावर गाडी घालतात. संध्याकाळी पक्षी झोपायला उतरत असताना चाकं गवतात, दिवे लावलेले, खिडकीतून लेन्स बाहेर! एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला पुन्हा उठवून अंधारात हाकलायचं, आणि खाली लिहायचं "निसर्गाची किमया". लांब लेन्स कशासाठी असते? लांब राहण्यासाठी. जवळ जाणार असाल तर आजीच्या चष्म्यानेही काम भागेल.

आणि शेवटचं. हल्ली फोटो धारदार करणारी हुशार सॉफ्टवेअरं निघाली आहेत. अंधूक फोटो टाका, पिसं काढून देतात. ती पिसं पक्ष्याची नसतात, यंत्राच्या आठवणीतली असतात. पंखाखाली नसलेला पट्टा त्यात उमटू शकतो. भिंतीवर लावायच्या फोटोला खुशाल वापरा. नोंदीसाठी मूळ रॉ फाईल जपून ठेवा, तारखेसकट, गावाच्या नावासकट. अंधूक पण खरा फोटो फायलीत टिकतो, धारदार पण रचलेला फोटो पहिल्याच चौकशीत पडतो.

सीमाभागातल्या आपल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे. पुण्या-मुंबईचे मोठे फोटोग्राफर भिगवणला जातील, भरतपूरला जातील. औरादच्या माळावर त्यांची वाट बघत बसू नका. तुमच्या बांधावरून रोज संध्याकाळी जो पक्षी जातो त्याचा खरा फोटो तुम्हीच काढू शकता, आणि त्यासाठी दहा लाख लागत नाहीत. हातात पेलेल ती लेन्स, परवडेल ती बॉडी, यांत्रिक शटर, आणि गाडी रस्त्यावर उभी.