पेल्यातील आम्ल

इंदूरच्या सराफ्यात रात्री शिकंजी मागणाऱ्या नवख्या पाहुण्याच्या हाती लिंबाचे पाणी पडत नाही, पडते सुक्या मेव्याचे घट्ट दुधाळ पेय. नावावरून पेयाचा गुण ओळखू नये, हा धडा माळव्याने असा गोडीगुलाबीने दिला आहे. बाटलीबंद पेये आणि फळांचे रस यांच्या बाबतीत मात्र आपण अजून नावावरच विसंबतो. कोला घातक आणि रस पथ्यकर, अशी सोपी वाटणी घरोघरी झाली आहे.

शास्त्राला ही वाटणी मान्य नाही. आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टी डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडली. तीत शुद्ध पाणी ७ वर असते. आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट वाढते. दातांवरील कवच साधारणपणे ५.५ च्या खाली विरघळू लागते. कोला २.५ च्या आसपास असतो, म्हणजे त्या मर्यादेहून सुमारे हजारपट आम्ल. परंतु लिंबाचा रसही तितकाच तीव्र असतो आणि संत्र्याचा रस साडेतीन ते चारच्या घरात मोडतो. शिवाय कोल्यातील फॉस्फोरिक आम्लापेक्षा संत्र्यातील सायट्रिक आम्लाचे प्रमाण अधिक असल्याने ते शमवण्यास लाळेला अधिक श्रम पडतात. दूध मात्र साडेसहाच्या वर असते.

याचा अर्थ कोला निर्दोष ठरला असा कोणी घेऊ नये. रसाबरोबर निदान जीवनसत्त्व तरी मिळते. ३०० मिलिलिटर कोल्याबरोबर मिळते ती सुमारे ३२ ग्रॅम साखर. ही साखर किती, हे वेष्टनावर छापावे लागते. आम्लतेचा आकडा मात्र छापला जात नाही. शाळांच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अति साखर, मीठ वा स्निग्धांशाचे पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली. त्यांतही आम्लाचा विचार नाही. एकदा झिजलेले कवच शरीर पुन्हा घडवीत नाही, हे ध्यानात घेता ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही.

म्हणून साखरेच्या शेजारी आम्लतेचाही आकडा छापण्याची सक्ती शासनाने करावी, अशी आमची मागणी आहे. तोवर पालकांनी एवढे पाळावे: तहानेला पाणी द्यावे, फळ चावून खाऊ द्यावे, आंबट पेय घोटाघोटाने तासभर रेंगाळू देऊ नये आणि ते प्यायल्यावर लगेच दात न घासता चूळ भरावी. पेयाचा मोह आवरणे ज्याच्या त्याच्या हाती आहे; त्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मात्र सर्वांचा आहे.