पक्षपात कोणाचा?

वृत्तवाहिनीवर पक्षपाताचा आरोप झाला की आपले बोट निवेदकाकडे, मालकाकडे किंवा त्यांच्यामागील राजकीय पक्षाकडे वळते. हा आरोप पुष्कळदा खराही असतो. परंतु अमेरिकेतील केबल वृत्तवाहिन्यांचा इतिहास पाहिला, तर आरोपींच्या यादीत आणखी एक नाव घालावे लागते : प्रेक्षकाचे.

केबलपूर्व काळात प्रक्षेपणासाठी उपलब्ध लहरी मर्यादित होत्या. म्हणूनच १९४९ साली तेथील नियामक मंडळाने परवानाधारकांवर वादग्रस्त प्रश्नाच्या परस्परविरोधी बाजू मांडण्याचे बंधन घातले. शिवाय तिन्ही मोठ्या प्रक्षेपण कंपन्यांना सारा देशच प्रेक्षक म्हणून हवा होता; कोणालाही न दुखावण्यातच त्यांचे व्यापारी हित होते. त्या बातम्यांनाही दृष्टिकोन होता. तो बहुतांशी एकच असल्यामुळे डोळ्यांत भरत नव्हता, इतकेच.

केबलने हे गणित बदलले. १९८० साली सीएनएन सुरू झाली. १९८७ साली ते बंधन रद्द झाले. १९९६ साली एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज आल्या. वाहिन्यांची संख्या वाढल्यावर साऱ्या देशाला धरून ठेवण्याची गरज उरली नाही. काही लक्ष निष्ठावंत घरे पुरेशी ठरली. केबलचालक वाहिनीला दरघरटी शुल्क देतो, ती न पाहणाऱ्या घरांसाठीसुद्धा. निष्ठावंतांच्या रोषाच्या भीतीने तो अशी वाहिनी सहजी वगळू शकत नाही. त्यात चोवीस तास भरायचे. घटनास्थळी वार्ताहर पाठवणे खर्चाचे, स्टुडिओत चार माणसे भांडवणे स्वस्त. बातमीची जागा मताने घेतली, ती अशी.

साहित्याच्या अभ्यासकाला दृष्टिकोनाचे वावडे असण्याचे कारण नाही. निवेदक आला की दृष्टिकोन आलाच. मात्र निवेदकाचा स्वतःच्या कथनावर विश्वास नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री फॉक्सने ॲरिझोनातून बायडेन विजयी झाल्याचे इतरांआधी जाहीर केले. प्रेक्षक संतापले, काही न्यूजमॅक्स या लहान प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळले. पुढे मतयंत्रांतील घोटाळ्याचे आरोप फॉक्सवर प्रक्षेपित होत राहिले. डोमिनियन या मतयंत्र कंपनीच्या बदनामीच्या दाव्यात उघड झालेल्या अंतर्गत संदेशांवरून दिसले, की वाहिनीतील अनेकांचा खाजगीत त्या आरोपांवर विश्वास नव्हता; प्रेक्षक गमावण्याची धास्ती मात्र होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला.

येथे पक्षपाताचा उगम श्रद्धेत नाही, गिऱ्हाईक सांभाळण्यात आहे. प्रेक्षकाला जे ऐकायचे होते, तेच त्याला ऐकवले गेले.

आता केबलही मागे पडते आहे. अमेरिकी घरे जोडण्या तोडत आहेत. मूळ समूहापासून विलग होण्याच्या प्रक्रियेत एमएसएनबीसीला २०२५ साली नावही बदलावे लागले. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तर प्रत्येकाची आवड यंत्रच टिपून घेते. केबलने लक्षावधींचा गट वेगळा काढला होता. हे तंत्र एकेका माणसाला वेगळे काढते.

चर्चेच्या चौकटी मराठी वाहिन्यांवरही रोज रात्री उघडतात. तेथे निःपक्षपाताची मागणी अवश्य करावी. पण आपल्या मताविरुद्धची खरी बातमी लागली असता रिमोटवरचा हात आवरता येतो का, हेही त्याच वेळी तपासावे. तो आवरणार नसेल, तर त्या मागणीला व्यवहारात काडीचीही किंमत उरत नाही.