‘जीवन व कार्य’ पुरे, आता मुद्दा मांडायला शिकवू या

एप्रिल आला की वस्तीवस्तीत निबंध स्पर्धा लागतात. विषय ठरलेला : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – जीवन व कार्य’. मुलं मोबाइलवरून तीन पानं उतरवून आणतात, परीक्षक अक्षर बघून नंबर काढतात, पाहुण्यांच्या हस्ते वही-पेन दिलं जातं आणि कागद रद्दीत जातात. चाळीस निबंध हातात घ्या. चाळीसच्या चाळीस महूपासून सुरू होतात आणि चैत्यभूमीवर संपतात. मधे महामानव, विश्वरत्न, प्रज्ञासूर्य. विशेषणं काढून टाकली तर उरतं काय? यात मुलांचा दोष नाही. आपणच असा विषय देतो की त्यात आरती करता येते, विचार करता येत नाही. विभूतिपूजेच्या विरोधात भाषणं करणारे आपणच, आणि पोरांना भक्तीचा सराव देणारेही आपणच!

मित्रांनो, निबंध ही आपल्याला परकी गोष्ट नाही. १८५५ साली फुले दाम्पत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मातंग समाजातल्या त्या विद्यार्थिनीने केलं काय ते नीट बघा. ती समोरच्याचंच म्हणणं हातात घेते. वेद फक्त ब्राह्मणांचे, असं तुम्ही म्हणता ना? ठीक. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही. धर्मपुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित. मग आमचा धर्म कोणता, ते सांगा! समोरच्याच्या वाक्याला त्याच्या शेवटापर्यंत नेऊन उभं केलं. मग पुराव्याला स्वतःच्या लोकांचं जगणं, बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायांचं. मुक्ताचा फोटो आपण बॅनरवर लावतो. तिचा निबंध किती जयंती मंडळांनी मुलांसमोर मोठ्याने वाचून घेतला?

बाबासाहेबांचंही तसंच. ‘भारतातील जाती’ हा त्यांचा प्रबंध म्हणजे एका विद्यार्थ्याने वर्गासाठी केलेलं लेखनच आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात २५ वर्षांच्या भीमरावांनी तो वाचला. सुरुवात विशेषणांनी नाही. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या. कुणाचं काय बरोबर, कुठे कमी पडतं, ते सांगितलं. केतकरांना श्रेय जिथे द्यायचं तिथे दिलं, आणि त्यांनी जी दोन लक्षणं वेगळी मानली ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हेही दाखवून दिलं. मग स्वतःचा मुद्दा : जातीचं मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींचा उलगडा त्या एका मुद्द्यातून केला. आणि शेवटी, हे मत टिकत नाही असं दाखवून दिलं तर ते सोडायला मी तयार आहे, ही भूमिका. दहावी-बारावीच्या मुलाला निबंध शिकवायला याहून चांगला नमुना कुठे मिळणार आहे? राज्य शासनाने छापलेल्या पहिल्याच खंडात तो आहे. विहाराच्या कपाटात असेल, कुलपात.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, पहिलं काम विषय बदलण्याचं. विषय प्रश्न असला पाहिजे. उदाहरणार्थ : बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, मग २० मार्च १९२७ ला तळ्यावर जावं का लागलं? आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ का उजाडलं? हा प्रश्न मोबाइलवरून उतरवून सुटत नाही. मुलाला कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांतला फरक शोधावा लागतो. हुशार पोरगी असेल तर ती आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत येऊन पोचेल.

विषय दिला की महिनाभर वेळ द्या. चार दिवसांत होते ती नक्कलच. पहिल्या आठवड्यात फक्त वाचन, तेही मूळ पानांचं. मग मुलाने तोंडी सांगायचं की त्याचं म्हणणं काय. एका वाक्यात सांगता आलं नाही तर लिहायला बसवू नका. मग समोरच्याची बाजू त्याच्याकडूनच मांडून घ्या, आणि ती लेचीपेची करून नव्हे. आरक्षणावर लिहायचं असेल तर विरोधकाचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी लिहायचा, मग खोडायचा. आपली मुलं कॉलेजच्या वादात अडखळतात ती इथेच, कारण घरच्या सभेत त्यांनी फक्त टाळ्या ऐकलेल्या असतात. पहिला खर्डा वाचून समासात प्रश्न लिहा : हे कशावरून? हे साल कुठून आणलं? उत्तर तुम्ही लिहू नका. अनेक ठिकाणी मंडळाचे भाऊच निबंध लिहून देतात आणि बक्षीस वस्तीत आलं म्हणून फटाके वाजतात. ती मदत नव्हे, पोराच्या हातातली लेखणी काढून घेणं आहे. यंत्राकडून लिहून घेणंही त्यातलंच.

भाषेचा मुद्दा मोठा आहे. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत ‘शुद्ध भाषेला’ वेगळे गुण असतात आणि ‘व्हता’, ‘पानी’ लिहिणारा पहिल्याच पानावर बाद होतो. त्याचा मुद्दा कुणी वाचतच नाही. प्रमाण लेखनाचे नियम आपण मुलांना जरूर शिकवू, कारण त्याच गुणांवर पुढची दारं उघडतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा आहे. पण आजीची बोली म्हणजे अशुद्ध, हे शिकवायचं नाही. निदान आपल्या स्पर्धांत तरी साठ गुण युक्तिवादाला, पंचवीस पुराव्याला आणि पंधरा भाषेला ठेवा. अक्षराला शून्य.

आणि खर्चाचं रडगाणं नको. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात पाच मुलांना पुस्तकं, झेरॉक्स, तालुक्याच्या ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं निघतं. परीक्षकांनी प्रत्येक निबंधाखाली चार ओळी लिहून तो परत द्यायचा, ही अट मंडळाने आधीच घालावी. हरलेल्या मुलाला आपण का हरलो हे कळलं पाहिजे. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाची स्पर्धा ठेवणार असाल तर विषय ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासच जाहीर करा, आणि त्याच दिवशी कपाटाचं कुलूप काढून खंड टेबलावर ठेवा.

जय भीम!