मजुराचे शरीर उचलीत गहाण नाही!

दिवाळी सरली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. खाचरातले भात, वरकसातली नागली आणि वरई वर्षभर पुरत नाही. मग मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे चिल्ल्यापिल्ल्यांसह ट्रकमध्ये चढतात आणि भिवंडी, वाडा, वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पाऊस तोंडावर आला की परततात. इतके महिने ज्यांचे घर आणि कामाची जागा एकच असते, त्यांच्या आरोग्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न आम्ही आज विचारतो आहोत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहोत.

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याचे कार्यक्रम होतात. वार्षिक तपासणी, योगासने, मनावरच्या ताणासाठी समुपदेशन. हे सारे झालेच पाहिजे. पण मुंबईकराच्या नळाला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला आहे, आणि भोवतीच्या शहरांत चढणाऱ्या भिंतींच्या विटा जव्हार-मोखाड्याच्या हातांनीही थापल्या आहेत. कामाच्या जागी निरोगी राहणे हा कचेरीतल्या माणसाचा हक्क असेल, तर तो वीट थापणाऱ्या बाईचाही आहे.

ती बाई अंधारातच कामाला बसते. गाऱ्याचा गोळा साच्यात दाबायचा, हाताने वरचा गारा निपटायचा, साचा पालथा घालायचा, पुन्हा वाकायचे. मजुरी हजार विटांमागे, म्हणून कंबर सरळ करायला उभी राहिली तरी विटा कमी भरतात. पाय ओल्यात, नाकातोंडात कोळशाची भुकटी आणि तुसाची राख. शेजारी बांबूला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हे मूल, त्याच्या पापण्यांवरही तीच राख. आठवड्याला हाती फक्त खर्ची पडते, उरलेला हिशेब हंगाम संपल्यावर. ताप आला तर विटा घटतात आणि दवाखान्याचा खर्च उचलीवर चढतो. तिच्यासाठी आजारपण म्हणजे वाढलेले कर्ज.

आणि तरी आम्हाला ऐकवले जाते की शिबिरे घेतली तर हे लोक येत नाहीत! कसे येतील? भर कामाच्या वेळी शिबिर भरते, रांगेत अर्ध्या दिवसाच्या विटा बुडतात, चार गोळ्या हातात पडतात आणि डॉक्टर पुन्हा दिसत नाहीत. मालक आणि मुकादम शेजारी उभे असताना खोकल्यातून रक्त पडते हे कोण सांगेल? सांगितले तर पुढच्या वर्षी उचल मिळणार नाही, ही भीती मजुराच्या छातीत क्षयाइतकीच खोल बसली आहे. मजुराला अडाणी म्हणणे आता बंद करा. त्याचा हिशेब चोख आहे, तुमची योजनाच चुकली आहे.

तपासणीचा वेळ मजुरीत धरा, ही आमची पहिली मागणी आहे आणि बाकी साऱ्या मागण्या तिच्यामागून येतात. तपासणी मालकाच्या नजरेआड व्हावी, मजुराच्या बोलीत व्हावी, त्याच्या पाड्यावरची आशाताई सोबत असावी. तपासणी यासाठीही हवी की आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. उन्हात राबताना अंगातले पाणी आटले की त्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येतो. त्याच्यासाठी सावली आणि पिण्याचे स्वच्छ पाणी हेच पहिले औषध. भट्टीवर ते आधी आणा, शिबिराचे फलक मग लावा.

कायदा काय म्हणतो? 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्याने निवारा आणि मोफत औषधोपचार ठेकेदाराच्या माथी मारले, पण फक्त राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. मोखाड्याहून भिवंडीला गेलेला मजूर जिल्हा ओलांडतो, राज्य नाही. म्हणून तो त्या कायद्याला दिसलाच नाही. 2020 च्या नव्या कामगार संहितेची व्याख्याही आंतरराज्यच राहिली. हे भोक बुजवणे विधिमंडळाच्या हातात आहे.

मागणी कामगारांतून उठली की काय घडते, हे इतिहास सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, कामावर जखमी झालेल्याला भरपाई होती. 1890 साली साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती मागणी कामगारांच्या तोंडची होती, म्हणूनच हजारो जण तिच्यामागे उभे राहिले. भट्टीवरच्या बायांना त्यांची गरज कोणी विचारली आहे?

1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला, 2015 मध्ये अमृत आहार योजना आली आणि गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण मिळू लागले. पण माता भट्टीवर गेली की तिचे ताट मोखाड्यातच राहते. मूल पालघरच्या वहीत गैरहजर आणि ठाण्याच्या वहीत नोंदलेलेच नाही.

पालघर आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी भट्टीमालकांना आणि मुकादमांना भातकापणीआधी एका टेबलाशी बसवावे, आणि पाड्यांवरच्या बायांना त्याच टेबलाशी खुर्ची द्यावी. ट्रक भरण्याआधी प्रत्येक मजुराची तपासणी पाड्यावर व्हावी, तपासणीचे कार्ड त्याच्या हातात असावे, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याच्या मुलाचे नाव ट्रक पोचण्याआधी चढलेले असावे. यंदाचे ट्रक सुटतील तेव्हा आम्ही जव्हारच्या नाक्यावर उभे राहून ती कार्डे मोजणार आहोत.