लेखणी मिरविण्याची कीं लिहिण्याची ?

जी वस्तु रोज हाताळावयाची तिच्या निवडीविषयीं मनुष्य सर्वांत कमी विचार करतो, असा एक विचित्र नियम आपल्या व्यवहारांत दिसून येतो. लग्नाच्या एका दिवसाकरितां घ्यावयाच्या शालूसाठीं दहा दुकानें पालथीं घालणारे गृहस्थ, ज्या लेखणीवर वर्षांतले तीनशें दिवस त्यांचा चरितार्थ चालतो ती मात्र रस्त्यानें जातां जातां हातास येईल ती उचलतात. किंवा कोणी सत्काराचे वेळीं दिलेली, मखमली डबींतली, खिशास शोभा आणणारी पण चार ओळी लिहितांच बोटें दुखविणारी लेखणी जवळ बाळगतात. दसऱ्यास आणि लक्ष्मीपूजनाचे दिवशीं लेखणीवर हळदकुंकू वाहण्यास आपण चुकत नाहीं. परंतु दुसरे दिवसापासून तिची जी हेळसांड होते ती पाहिली म्हणजे ही पूजा लेखणीची कीं नुसत्या रूढीची, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, हें यंत्रयुग आहे. पत्रें संगणकावर लिहिलीं जातात, पैसा दूरध्वनीवरून जातो, मग लेखणीची एवढी चिकित्सा कशास? आमचें उत्तर असें कीं, कोणत्याही कचेरींत घटकाभर बसून पाहावें. आवक-जावक नोंदवही, हजेरीपट, पंचनामा, अर्जावरील शेरा, धनादेश, पावती आणि सर्वांचे शेवटीं सही, हीं अद्याप अनेक ठिकाणीं हातानेंच होतात. शिवाय वाईट अक्षराचा दंड लिहिणारास भरावा लागत नाहीं. तो ज्याच्याविषयीं लिहिलें त्याच्या माथीं बसतो. घाईंत लिहिलेल्या १ चा ९ वाचला गेला, 'घाडगे' यांचे 'धाडगे' झाले, कीं चूक करणारा सायंकाळीं घरीं जाऊन स्वस्थ निजतो. इकडे तो खेडवळ अर्जदार मात्र प्रतिज्ञापत्र, राजपत्रांतील जाहिरात आणि एस.टी.चें भाडें यांत आपले दिवस व पैसे घालवितो. म्हणून सुवाच्य लिहिणें ही आम्ही हौस समजत नाहीं. तें सार्वजनिक कर्तव्य समजतों. आणि कर्तव्याचें हत्यार नीट पारखून घेणें हा त्या कर्तव्याचाच भाग होय.

हत्याराची ही पारख आपल्या पूर्वजांस चांगली होती. बोरूच्या काळीं लेखणी घडविणें हें लिहिणाराचेंच काम असे. चांगला बोरू निवडावा, चाकूनें तासावा, टोंक तिरकें कापून मध्यें चीर द्यावी आणि झिजला कीं पुन्हां तासावा, असा तो क्रम होता. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद हात फारसा न उचलतां झरझर लिहिले गेले, ते याच बोरूनें. पुढें पोलादी निबेचा टाक आला. त्यास तासण्याचें कारण उरलें नाहीं, पण थोडें लिहून झालें कीं तो दौतींत बुडवावा लागेच. १८८४ सालीं अमेरिकेंत लुईस वॉटरमन यांनीं झरणीचें, म्हणजे फौंटनपेनचें, पेटंट मिळविलें. त्यांतील मर्म असें कीं, निबेखालच्या जिभेंतील बारीक खांचांतून शाई खालीं उतरते आणि त्याच वाटेनें तितकीच हवा वर जाते. निब कागदास टेकली कीं केशाकर्षणानें शाई आपण होऊन वाहते. बोटांनीं दाब देण्याचें प्रयोजन राहत नाहीं. गोळीच्या पेनांत शाई घट्ट असते व गोळी फिरविण्यास कमीअधिक जोर लावावा लागतो. दिवसाकांठीं दहा-वीस पानें लिहिणाऱ्या हातास हा भेद सायंकाळीं बरोबर कळतो.

असें असलें तरी बॉलपेनाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कार्बन लावून एका वेळीं दोन-तीन प्रती काढावयाचें बिलबुक असेल तर तेथें दाबाचीच गरज असते; तेथें झरणी चालविणें म्हणजे सुईच्या कामास कुऱ्हाड किंवा कुऱ्हाडीच्या कामास सुई घेण्यासारखें आहे. उभ्याउभ्या मालाच्या पोत्यावर खूण करावयाची असेल, तरीही बॉलपेनच बरें. ज्या व्यापाऱ्याचें काम दोन्ही प्रकारचें आहे त्यानें दोन्ही लेखण्या ठेवाव्या. मात्र एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. हेंच बॉलपेन २९ ऑक्टोबर १९४५ रोजीं अमेरिकेंत प्रथम न्यूयॉर्क येथील एका दुकानांत विक्रीस आलें, तेव्हां त्याची किंमत साडेबारा डॉलर होती आणि तें घेण्यास लोकांची झुंबड उडाली होती ! आज तेंच शाई संपतांच आपण केरांत टाकतों, आणि झरणी प्रतिष्ठेची म्हणून कांचेच्या कपाटांत जाऊन बसली आहे. यावरून प्रतिष्ठा वस्तूंत नसून पाहणाराच्या डोळ्यांत असते, एवढें सिद्ध होतें. आणि डोळ्यांतील प्रतिष्ठेनें कागदावर अक्षर उमटत नाहीं.

आतां निवडीचा विचार करूं. पहिला मोह सोन्याच्या निबेचा. सोन्याची निब पूर्वीं वापरीत त्यास सबळ कारण होतें. त्या काळची लोह आणि मायफळ यांची शाई आम्लधर्मी असे. तिनें साधें पोलाद गंजून जाई, सोन्यास मात्र तिची बाधा होत नसे. पुढें न गंजणारें पोलाद निघालें, आणि नित्याच्या शायाही सौम्य रंगद्रव्यांच्या झाल्या. शिवाय कागदावर घासतें तें सोनें नव्हेच. टोंकाशीं एका फार कठीण धातूचा कण जोडलेला असतो, आणि तो चांगल्या पोलादी निबेसही असतो. तेव्हां कचेरीच्या कामास सोन्याच्या निबेवर हजारों रुपये खर्च करणें म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड होय. ज्यास हौस आहे त्यानें ती खुशाल करावी. पण हौसेस उपयुक्ततेचें नांव देऊं नये.

दुसरा प्रश्न निबेच्या जाडीचा. इंग्रजी अक्षरांस मध्यम निब चालून जाते; परंतु देवनागरींत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते, आणि खालीं उकार व जोडाक्षरें असतात. जाड निबेनें अनुस्वाराचा डाग होतो व 'घ' आणि 'ध' यांतील भेद पुसला जातो. शिवाय आपल्या कचेऱ्यांतील कागद बहुधा स्वस्त व शाई शोषून घेणारा. त्यांत पावसाळ्यांतील दमट हवा, मग शाई फुटून अक्षराला मिशा फुटतात. यास्तव मराठी लिहिणारानें बारीक निबच पसंत करावी. जपानी निबा युरोपांतील निबांहून एक पायरी बारीक असतात, कारण त्यांच्या लिपींतही थोड्या जागेंत पुष्कळ रेघा मांडाव्या लागतात. म्हणून निबेवरील खुणेवर विसंबूं नये. प्रत्यक्ष लिहून पाहावें.

तिसरा प्रश्न शाई भरण्याच्या रीतीचा. तयार नळी बदलण्याची रीत सोयीची खरी, पण लहान नळींत शाई पाऊण मिलिलिटरच्या आसपास असते आणि बाटलीच्या मानानें ती कित्येक पटींनीं महाग पडते. ड्रॉपरनें पोटांत शाई भरण्याचें जुनें पेन पुष्कळ शाई घेतें. पण शाई अर्ध्याहून खालीं गेली कीं हाताच्या उबेनें आंतील हवा फुगते आणि ऐन सहीच्या वेळीं एखादा थेंब कागदावर पडतो. कचेरीच्या कामास म्हणून मधला मार्ग उत्तम : शाई ओढून घेणारी, काढतां-घालतां येणारी नळी ज्यास बसते असें पेन घ्यावें व बाटलीची शाई वापरावी. साठ मिलिलिटरच्या बाटलींत अशीं पाऊण मिलिलिटरचीं ऐंशीं भरणें होतात. एक भरण दोन-तीन दिवस पुरलें तरी एका माणसाचें सहा महिन्यांचें काम निघतें. याहून स्वस्त लेखन आम्हांस ठाऊक नाहीं.

चौथी गोष्ट शाईची, आणि व्यापारी बंधूंनीं ती विशेष लक्षांत घ्यावी. धुण्याजोगी निळी शाई शाळकरी मुलांच्या सदऱ्याकरितां योग्य आहे, धनादेशाकरितां नाहीं. पाण्यानें जी धुऊन जाते ती लबाडासही धुतां येते. धनादेश, करारपत्र व कायमची नोंद यांस टिकाऊ शाईच हवी. टिकाऊ शाई वापरणारानें मात्र पेन अनेक दिवस तसेंच वाळत ठेवूं नये, नाहींतर आंतील खांचा बुजतात. चित्रकलेची काळी शाई तर झरणींत कधींच भरूं नये. धनादेशांचें चित्र घेऊन ते वटविण्याची जी पद्धति आतां रूढ आहे, तिच्या नियमांनुसार तारखेच्या मुदतवाढीखेरीज धनादेशावर खाडाखोड चालत नाहीं. तेव्हां एका डागानें आख्खा धनादेश फुकट जातो, हें जमेस धरावें.

स्वदेशीचा प्रश्न येथें ओघानेंच येतो. राजमहेंद्री येथील रत्नम् यांनीं गांधीजींच्या सूचनेवरून देशी झरणी सिद्ध केली. वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत ती गांधीजींकडे पोंचली, आणि १९३५ सालीं त्यांनीं स्वतः ती वापरून, ती परदेशी पेनाची जागा घेऊं शकेल असा अभिप्राय कळविला. मुंबईंत दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईच्या पुड्या आणि टिकल्यांपासून आरंभ केला, त्यांतूनच पुढें कॅम्लिनचा व्याप वाढला. बंगालमध्यें १९३४ सालीं सुलेखा शाई निघाली. या मंडळींनीं नुसत्या भावनेवर माल विकला नाहीं. तो वापरून पाहण्यास दिला, हें त्यांच्या यशाचें रहस्य. म्हणून स्वदेशी आहे एवढ्यासाठीं गळकी लेखणी सोसावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण पांचशें रुपयांच्या आंत कामाचें देशी पेन मिळत असतां, केवळ टोपीवरच्या परदेशी नांवाकरितां दसपट दाम मोजणें हा शहाणपणा नव्हे.

दुकानांत गेल्यावर काय पाहावें ? आपल्या कचेरींतला कागद बरोबर न्यावा. निब डोळ्यांसमोर धरून तिचीं दोन पातीं सारख्या पातळीवर आहेत कीं नाहींत तें पाहावें. शाईंत बुडवून, जोर न लावतां, आपलें पूर्ण नांव, सही आणि एकपासून शून्यापर्यंत आंकडे लिहावे. निब खरडत असेल किंवा मध्येंच रेघ तुटत असेल तर 'वापरतां वापरतां सुधारेल' या दुकानदाराच्या आश्वासनावर विश्वास ठेवूं नये. टोपण मिनिटभर काढून ठेवावें व पुन्हां लिहून पाहावें. पहिल्याच स्पर्शास जें लिहितें तेंच कचेरीचें पेन. ज्यास घडोघडी दोन शब्द लिहावयाचे आहेत त्यास ओढून काढण्याचें टोपण सोयीचें. ज्यास पेन खिशांत घालून हिंडावयाचें आहे त्यास आट्यांचें टोपण निर्धास्त. पुढें महिन्यांतून एकदां थंड पाण्यानें पेन धुवावें, आणि दोन शाया एकत्र करूं नयेत. एवढी निगा राखली तर साधें पेन कित्येक वर्षें साथ देतें. उलट नाचतां येईना अंगण वांकडें, या न्यायानें स्वतःच्या आळसाचा दोष पेनावर घालणारास सोन्याची लेखणीही पुरी पडणार नाहीं.

शेवटीं एक सूचना. आपल्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांत अशी चाल आहे कीं, माणूस तीस वर्षें चाकरी करून निवृत्त झाला म्हणजे त्यास निरोपाचे वेळीं एक उंची पेन अर्पण करावयाचें. ज्या दिवशीं लिहिण्याचें काम संपलें त्या दिवशीं लेखणी देणें ही थट्टा नव्हे काय ? ज्या तीस वर्षांत त्यानें हजारों लोकांचीं नांवें, रकमा आणि हक्क कागदावर नोंदविले, त्या काळांत त्यास कोणतें हत्यार दिलें होतें याची चौकशी कोणी करीत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, कचेऱ्यांचे मुख्य आणि पेढ्यांचे मालक यांनीं ही चाल उलटी करावी. नवा लेखनिक, मग तो पुरुष असो वा स्त्री, ज्या दिवशीं रुजू होईल त्या दिवशीं त्याच्या हातीं एक साधें, बारीक निबेचें, नीट चालणारें पेन द्यावें. शाईची बाटली कचेरीच्या खर्चानें ठेवावी. आणि पहिल्याच दिवशीं सांगावें कीं, येथें लिहिलेलें प्रत्येक अक्षर कोणा ना कोणाच्या भाकरीशीं बांधलेलें आहे. एके काळीं लेखणी ही थोड्या घराण्यांची मिरास होती. ती मोडावयास पिढ्या खर्ची पडल्या. आज ती सर्वांस परवडते. सर्वांच्या हातीं आलेली ही लेखणी खिशास शोभा देण्यासाठीं नसून दुसऱ्याचें काम बिनचूक होण्यासाठीं आहे, एवढें ज्यास पटलें, त्यास दुकानांत कोणतें पेन घ्यावें हें सांगण्याची फारशी गरज उरणार नाहीं.